जुनी ईएमटी १४० तळघरात बसवताना

जर्मनीतल्या एका छोट्या स्टुडिओने रेडिओ केंद्राच्या मोडीत निघालेल्या सामानातून ईएमटी १४० हे प्लेट रिव्हर्ब यंत्र, म्हणजे ताणलेल्या पत्र्यातून आवाजाला घुमारा देणारं यंत्र, घेतलं. साठच्या दशकातलं, ट्यूब, म्हणजे व्हॅक्यूम नळ्यांच्या, अ‍ॅम्प्लिफायरचं, स्टिरिओ. विकताना 'चालू स्थितीत' असं सांगितलं गेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. इनपुटला सिग्नल दिला की आउटपुटला काहीतरी ऐकू येत होतं. पण उजवी बाजू पातळ, स्नेअर ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे एक ठरावीक सूर रेंगाळणारा, मोठ्या आवाजाला खरखर, आणि या सगळ्याखाली एक संथ घुरघुर. या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी निघाली आणि अ‍ॅम्प्लिफायरशी संबंध असलेलं त्यात जेमतेम अर्धं कारण होतं. जुनी प्लेट हाती आली की बहुतेक जण आधी सोल्डरिंग आयर्न तापवतात. ते काम शेवटी यायला हवं. आधी जागा, मग वजन, मग ताण, आणि त्यानंतर वीज.

यंत्र नेमकं काय आहे

वॉल्टर कुल यांच्या संशोधनावरून लार गावातल्या ईएमटी कंपनीने १९५७ मध्ये ही प्लेट बाजारात आणली. १९६१ पासून दोन पिकअपची (पत्र्याची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागांची) स्टिरिओ आवृत्ती आली. आत २ मीटर लांब, १ मीटर उंच आणि फक्त ०.५ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा एका पोलादी चौकटीत कोपऱ्यांवर ताणून उभा टांगलेला असतो. मध्याच्या जवळ, पण नेमका मध्य टाळून, पत्र्याला थरथरवणारा ड्रायव्हर असतो. त्याची कॉइल पत्र्याला जोडलेली आणि चुंबक चौकटीवर बसवलेलं. दोन्ही टोकांकडे पिएझो पिकअप. पत्र्याला समांतर एक सच्छिद्र पाटा असतो, तो डॅम्पर. तो पत्र्याजवळ आणला की ५०० हर्ट्झला रिव्हर्ब, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, सुमारे १ सेकंदापर्यंत खाली येतो आणि लांब नेला की ५ सेकंदांच्या आसपास जातो.

गणित केलं तर पत्र्याचं आकारमान बरोबर एक लिटर भरतं, म्हणजे वजन आठ किलोही नाही. सगळं यंत्र मात्र पावणेतीनशे किलोच्या घरात जातं. बाकीचं वजन चौकटीचं आणि पेटीचं, कारण पत्र्याचा ताण सहन करून न वाकणारी चौकट हलकी असूच शकत नाही.

पत्र्यातली लहर ही वाकण्याची लहर असते आणि तिचा वेग कंपनसंख्येनुसार बदलतो. अर्धा मिलिमीटर पोलादात १०० हर्ट्झला तो सेकंदाला साधारण २२ मीटर, १,००० हर्ट्झला ६९ आणि १०,००० हर्ट्झला २१८ मीटर भरतो. म्हणून तीव्र स्वर आधी पोचतात आणि खर्ज मागून येतो. प्लेटच्या सुरुवातीला जी चकाकी ऐकू येते ती यातून येते. शिवाय एवढ्या पत्र्याला दर हर्ट्झमागे सव्वा ते दीड नैसर्गिक कंपनं मिळतात, खालपासून वरपर्यंत जवळपास सारखीच. ही दाटी आहे म्हणून प्लेट एखाद्या सुरात न वाजता नुसती घुमते. ताण बिघडला किंवा पत्र्याला मोड पडली की काही कंपनं इतरांपेक्षा जास्त वेळ टिकतात आणि कानाला सूर सापडतो. स्नेअरमागचा सूर याच वर्गातला होता.

जागा

पहिली पसंती वरच्या मजल्यावरच्या कोठीला होती, कारण तिथून कंट्रोल रूमपर्यंत केबल सरळ उतरत होती. पेटी सुमारे २.४ मीटर लांब आणि ०.३ मीटर रुंद. म्हणजे २७० किलो वजन ०.७२ चौरस मीटरवर, दर चौरस मीटरला ३७५ किलो. राहत्या घराची जमीन साधारण १५० ते २०० किलो धरून बांधलेली असते. सगळ्या खोलीवर पसरलेलं वजन आणि एका पट्टीवरचं वजन यांत फरक असतो आणि पेटी तुळयांना आडवी, भिंतीलगत ठेवली तर बऱ्याच इमारती ते पेलतात. पण ते इंजिनिअरने पाहून सांगायचं. या घरात तुळया लाकडी होत्या आणि वजनाचा प्रश्न सुटला असता तरी दुसरा सुटत नव्हता: लाकडी जमिनीवर कोणी चाललं की पत्रा ते ऐकतो. प्लेट म्हणजे दोन चौरस मीटरचा मायक्रोफोन आहे, हे जागा ठरवताना विसरलं की पुढचे सगळे उपाय महाग पडतात. त्याच कारणाने ती कंट्रोल रूममध्येही ठेवता येत नाही. मॉनिटरचा (स्टुडिओतल्या स्पीकरचा) आवाज पत्र्यात शिरतो, पत्र्यातून परत मॉनिटरवर येतो आणि रिटर्न, म्हणजे प्लेटकडून परत येणारा आवाज, थोडा वाढवला की शिट्टी सुरू.

तळघराची जमीन काँक्रीटची होती. दोन अडचणी होत्या. शेजारच्या खोलीत हीटिंगचा पंप आणि हवेत ओल. ओलीवर डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत आणली. डीह्युमिडिफायर मात्र प्लेटपासून दूर, दारात ठेवायचा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवायचा. पत्रा साध्या पोलादाचा आहे, स्टेनलेस नाही. मुंबईत किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत असं यंत्र बसवायचं असेल तर वातानुकूलित, बंद खोली हा खर्चाच्या यादीतला पहिला आकडा धरावा. एका पावसाळ्याची ओल पत्र्यावर ठिपके उठवायला पुरते.

जिना आणि वळण

तळघराकडे जाणारा बोळ १.१ मीटर रुंद आणि मध्येच काटकोनात वळणारा. अशा वळणातून ०.३२ मीटर रुंदीची पेटी उभी न्यायची तर कागदावर जास्तीत जास्त २.४७ मीटर लांबी बसते. म्हणजे २.४ मीटरच्या पेटीला सगळी मिळून सात सेंटिमीटर मोकळीक. तेवढ्यात बाजूला धरलेली बोटं मावत नाहीत. म्हणून आधी पुठ्ठ्याचा २.४ बाय ०.३२ मीटरचा तुकडा कापून तो जमिनीवरून वळणातून फिरवला. त्यात कळलं की वळणावरची पाण्याची पाइप चार सेंटिमीटर आत येते आणि रस्ता अडवते. बाजूच्या दाराची चौकट उतरवल्यावर जागा झाली. पेटी चार चाकांच्या बुटक्या ट्रॉलीवर ठेवून फक्त दोन टोकांनी ढकलली. जिन्यावर दोन फळ्या, वरून पट्ट्याने धरलेलं ओझं, खाली कोणीही उभं नाही. चार माणसं पुरली. पाचवं माणूस फक्त पाइपकडे पाहायला होतं आणि ते गरजेचं होतं.

हलवण्याआधीची एक गोष्ट फार जण चुकवतात. आतली चौकट पेटीपासून लवचीक आधारांवर सुटी असते आणि वाहतुकीसाठी ती बोल्टने बांधायची सोय असते. ते बोल्ट घट्ट करून, ड्रायव्हरचं चुंबक कॉइलपासून मागे घेऊन मगच यंत्र उचलायचं. तसं न करता एक खड्डा जरी लागला तरी कॉइल चुंबकाच्या फटीत चिमटते, तिचा देठ वाकतो आणि मग मोठ्या आवाजाला खरखर येते.

पेटी उघडल्यावर

हातात सुती मोजे. उघड्या बोटाचा ठसा पत्र्यावर काही आठवड्यांत गंज होऊन उमटतो. डॅम्परच्या जुन्या तंतुमय पाट्याला हात लावताना मास्क घालायचा, तो पाटा घासायचा नाही, झटकायचाही नाही. वरवरची धूळ मऊ ब्रशने आणि जवळ धरलेल्या व्हॅक्यूमने काढली.

पत्र्यावर खालच्या कडेला नखाएवढे तीन गंजाचे डाग होते. ते तसेच सोडले. पॉलिश पेपर मारला तर त्या जागी जाडी बदलते. तेल किंवा रंग लावला तर वजन आणि डॅम्पिंग वाढतं आणि पहिला बळी वरच्या पट्टीचा जातो. कोरडी हवा हाच इलाज.

वाहतुकीचे बोल्ट मोजून सोडवले. आत गेलेले जितके, तितकेच बाहेर टेबलावर दिसले पाहिजेत. एक जरी राहिला तरी इमारतीची सगळी थरथर त्या एका पुलावरून थेट चौकटीत जाते.

खरखर कॉइलचीच होती. ओळखायची रीत सोपी आहे. १०० हर्ट्झपासून वर अगदी हळू सरकणारा साइन स्वर कमी पातळीवर द्यायचा आणि कान चुंबकाजवळ न्यायचा. घासत असेल तर ठरावीक पट्ट्यांवर किरकिर येते आणि चुंबकाचा ब्रॅकेट केसभर सरकवला की ती बदलते. ब्रॅकेटचे स्क्रू अर्धवट सैल करून, कॉइलभोवती चारही बाजूंना सारखी फट दिसेपर्यंत चुंबक सरकवलं. स्क्रू घट्ट करताना ते पुन्हा थोडं फिरतं, म्हणून घट्ट केल्यावर स्वर परत द्यायचा. हे दोन-तीनदा करावंच लागतं.

ताण

कोपऱ्यांवरच्या क्लिपा हा या यंत्राचा सगळ्यात कमजोर भाग. त्या कायम तुटण्याच्या बेताच्या ताणावर असतात आणि पन्नास-साठ वर्षांत त्यांतल्या काही थकलेल्या असणार हे गृहीत धरूनच काम करावं. इथे खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या क्लिपेला वाकाच्या आतल्या बाजूने चीर गेलेली होती. समोरून ती दिसत नव्हती. टॉर्च तिरका धरून आरशात पाहिल्यावर दिसली. तो कोपरा ढिला पडला होता, त्यामुळे उरलेला ताण तिरका झाला होता, आणि स्नेअरमागचा सूर तिथून येत होता.

एकच क्लिप बदलणं खोटी काटकसर ठरते. सगळ्या एका जातीच्या, एका घडणीच्या हव्यात, नाहीतर ताण वाढवताना एक लवते आणि दुसरी नाही. पूर्ण संच बदलला. त्यासाठी आधी सगळे कोपरे थोडे-थोडे, समोरासमोर सैल करत आणले. एक कोपरा पूर्ण सोडून बाकीचे ताणलेले ठेवले तर पत्र्याला मोड पडते आणि मोड पडलेला पत्रा पूर्वीसारखा होत नाही.

ताण चढवताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा. तुटलेली क्लिप उडते आणि ती कुठे जाईल हे सांगता येत नाही. चेहरा कधीही क्लिपेच्या रेषेत आणायचा नाही. पाना पाव फेरा फिरवायचा, मग कर्णावरचा समोरचा कोपरा पाव फेरा, मग उरलेले दोन. एक फेरी झाली की प्रत्येक कोपऱ्यापासून वीतभर आत बोटाच्या पेराने हलकं टिचकवायचं. हात तबल्याच्या गट्ट्यांवर जसा घराघराने फिरतो तसाच इथे फिरतो, फक्त उद्देश उलटा: तिथे सगळी घरं एका सुरात आणायची, इथे कोणत्याही टिचकीतून सूर निघू द्यायचा नाही. ताण कमी असतो तेव्हा टिचकीला पत्र्याची गडगड ऐकू येते, नाटकात वादळासाठी हलवतात तशी. वाढत गेला की गडगड वर सरकते, पातळ होते आणि मग तिच्या जागी नुसती मोकळी फुसफुस उरते. तिथे थांबायचं. आणखी अर्ध्या फेऱ्याचा मोह होतोच, पण त्यातून आवाजात काही मिळत नाही. क्लिप जाते, आणि वाईट नशीब असेल तर पत्र्याचा कोपराच फाटतो.

रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुन्हा टिचकवलं. नव्या क्लिपा पहिल्या दिवशी बसतात आणि ताण उतरतो. पुन्हा एक हलकी फेरी दिली. कानावर भरवसा नसेल तर एक छोटी टिक प्लेटमधून पाठवून रिटर्न रेकॉर्ड करायचा आणि स्पेक्ट्रोग्राम (कंपनसंख्या आणि वेळेचा आलेख) पाहायचा. इतरांपेक्षा लांब शेपूट असलेली आडवी रेघ दिसली तर अजून कुठेतरी ताण असमान आहे किंवा काहीतरी पत्र्याला टेकतंय. पिकअपची बारीक तार टेकणं हे त्यातलं नेहमीचं कारण. तारेला सैलसर वळण हवं, पण ते पत्र्यापासून लांब.

वीज

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोनशे व्होल्टच्या वर डीसी असतो आणि तो यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतो. हात घालण्याआधी प्लग काढून, रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरने शून्य पाहून मगच पुढे जायचं. ज्यांना याची सवय नाही त्यांनी हा भाग तंत्रज्ञाकडे द्यावा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सगळे बदलले. टप्प्यांना जोडणारे कागदी कपॅसिटर मोजून बदलले: पुढच्या ट्यूबच्या ग्रिडवर धन व्होल्ट दिसले तर तो गळतोय. नंतर व्हॅरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू व्होल्टेज चढवलं. यंत्राचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टच्या टॅपवर, म्हणजे जोडबिंदूवर, होता. आजचा पुरवठा प्रत्यक्षात २३५ पर्यंत जातो, तेव्हा ६.३ व्होल्टचं हीटर ६.७ वर जातं आणि ट्यूबचं आयुष्य घटतं. म्हणून वरचा टॅप निवडला.

उजव्या बाजूचा पातळपणा इथे सापडला आणि कारण ट्यूब नव्हती. पिएझो पिकअप म्हणजे विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर. समजा तो १ नॅनोफॅरड आहे आणि पुढे १० मेगओहमचा इनपुट आहे, तर खर्ज १६ हर्ट्झच्या खाली कापला जातो, म्हणजे काही बिघडत नाही. त्याच जागी ओल आणि धूळ मिळून १ मेगओहमची गळती झाली की कापणी १७५ हर्ट्झच्या आसपास येते आणि अर्धा खर्ज गेला. उजव्या पिकअपच्या जोडपट्टीवर काळपट थर होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, पूर्ण सुकेपर्यंत थांबणं. खर्ज परत आला, एकही भाग न बदलता. असा दोष दिसला की पिकअप उखडायची घाई करू नये. जास्त उष्णतेने पिएझोची संवेदना जाते, आणि उखडलेला पिकअप मऊ गोंदाने परत बसवला तर वरची पट्टी गोंदातच मुरते. चिकटवायचाच असेल तर कडक होणारा, अगदी पातळ थर.

मागच्या पॅनेलवरचे जुने टुखेल (जर्मन स्टुडिओंतल्या जुन्या पद्धतीचे) कनेक्टर कापले नाहीत. त्यांच्यासाठी टुखेल ते एक्सएलआर (आजचा नेहमीचा स्टुडिओ कनेक्टर) अशा तीन छोट्या जोडण्या बनवल्या: एक सेंड (प्लेटकडे जाणारी), दोन रिटर्न. पंचवीस मीटर बॅलन्स्ड केबल ओढली, वीजवाहिनीपासून वेगळ्या नळीतून. बारीक हम (विजेची गुणगुण) राहिला होता तो रिटर्न केबलची शील्ड, म्हणजे तारांभोवतीची धातूची जाळी, कन्सोलच्या (मिक्सरच्या) टोकाशी सोडल्यावर गेला. हम जावा म्हणून प्लगची अर्थिंग काढणं हा उपाय नाही. या यंत्रात तो जीवघेणा ठरू शकतो.

डॅम्परची मोटर अडकलेली होती. तिला वीज देण्याआधी स्क्रू हाताने फिरवून, जुनं घट्ट झालेलं ग्रीस काढून नवं लावलं आणि दोन्ही टोकांचे मर्यादा-स्विच बोटाने दाबून तपासले. जवळच्या टोकाचा स्विच चालत नसेल तर पाटा पत्र्याला भिडतो.

घुरघुर

सगळं झाल्यावरही ती होतीच. वीज की थरथर हे ठरवायला एकच प्रयोग पुरला: हीटिंगचा पंप बंद केला, घुरघुर गेली.

पेटीखाली सहा ठिकाणी रबराचे पॅड घ्यायचे ठरलं, प्रत्येकावर ४५ किलो. इथे 'जाड रबर टाका' एवढ्यावर थांबून चालत नाही. पॅड वजनाखाली किती दबतो यावर सगळं अवलंबून असतं. अडीच मिलिमीटर दबणारा पॅड साधारण १० हर्ट्झला डोलतो आणि मग ५० हर्ट्झची थरथर सुमारे २७ डेसिबलने कमी होते. अर्धा मिलिमीटर दबणारा टणक पॅड २२ हर्ट्झला डोलतो आणि त्याचा फायदा फार थोडा. कॅटलॉगमधून ४५ किलोला अडीच मिलिमीटर दबणारे तुकडे निवडले आणि बसवल्यावर फटपट्टीने सहाही ठिकाणी मोजले. एका बाजूला ड्रायव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायरमुळे वजन थोडं जास्त भरत होतं, म्हणून तिथला पॅड किंचित मोठा घेतला. उरलेला आवाज हवेतून येत होता. दाराला सील आणि भिंतीतल्या पाइपच्या भोकाला भर दिल्यावर तोही गेला.

पातळी आणि वापर

जर्मन रेडिओची प्रमाण पातळी +६ डीबीयू, म्हणजे १.५५ व्होल्ट. स्टुडिओचा कन्सोल +४ चा. फरक छोटा असला तरी सेंड त्या हिशेबाने लावला, कारण प्लेटला कमी सिग्नल दिला की रिटर्न वाढवावा लागतो आणि ट्यूबचा सगळा फुसफुसाट वर येतो. जास्त दिला तर खर्जाच्या ठोक्यावर ड्रायव्हर चेपतो. सेंडवर १५० ते २०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) कायम ठेवला. खर्ज प्लेटमध्ये सगळ्यात लांब टिकतो आणि मिक्स गढूळ करतो, शिवाय ड्रायव्हरची जागा तोच खातो. कट सेंडवर असावा. रिटर्नवर लावला तर ड्रायव्हर वाचत नाही.

दोन्ही रिटर्न फेडरवर, म्हणजे सरकत्या पट्ट्यांवर, आणले, ऑक्स रिटर्नच्या गोल बटणांवर नाही, म्हणजे गाण्याच्या ओघात ते हलवता येतात. घुमाऱ्याआधी उसंत हवी तिथे टेप मशीन वापरलं: ३८ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेग आणि दोन हेडमध्ये पाच सेंटिमीटर अंतर म्हणजे १३० मिलिसेकंद. सावकाश गाण्यात ते बसतं. जलद गाण्यात निम्म्यापेक्षा कमी हवं, तिथे डिजिटल डिले घेतला.

रिव्हर्बची वेळ मोजताना एक तृतीयांश ऑक्टेव्हच्या (सप्तकाच्या) पट्टीत गाळलेला नॉइज देऊन अचानक तोडायचा आणि पहिल्या ३० डेसिबलच्या उताराची वेळ दुप्पट करायची. जुन्या ट्यूब यंत्रात पूर्ण ६० डेसिबल फुसफुसाटाच्या वर सापडत नाहीत. डॅम्पर लांब असताना ५०० हर्ट्झला ५ सेकंदांच्या जवळ आणि अगदी जवळ असताना सेकंदाच्या आसपास आकडा आला की यंत्र जागेवर आहे. लांबच्या टोकाला आकडा बराच कमी येत असेल तर पाटा पूर्ण मागे जात नाहीये, किंवा पत्र्याला काहीतरी टेकतंय. गायनासाठी इथे २ ते २.५ सेकंदांच्या खुणा रिमोटच्या पट्टीवर पेन्सिलीने करून ठेवल्या. मोटर फिरताना तिची घरघर रिटर्नमध्ये येते, त्यामुळे टेक चालू असताना डॅम्पर हलवायचा नाही.

सहा आठवड्यांनी टिचकीची फेरी पुन्हा केली. वरचा उजवा कोपरा पाव फेऱ्याने उतरला होता. त्यानंतरची तपासणी हीटिंग सुरू होताना आणि बंद होताना, वर्षातून दोनदा ठेवली आहे, आणि उरलेल्या सुट्या क्लिपा पेटीच्या आतच एका पुडीत, तेल लावलेल्या कागदात गुंडाळून, पत्र्यापासून दूर चौकटीला बांधलेल्या आहेत.